साडेतीनशे रुपये

आमच्या घराशेजारी पत्र्याच्या शेडखाली १९७९ सालची एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. 'उभी असते' हे क्रियापद मी विचारपूर्वक वापरले आहे. महिन्यातून दोनदा ती टिळकवाडीपर्यंत जाऊन येते, दसऱ्याला तिच्या गळ्यात झेंडूची माळ पडते आणि उरलेल्या रविवारी मी तिच्या बॉनेटखाली डोके घालून असतो. आमची सौ. म्हणते, "शाळेत मुलांच्या चुका काढता, घरी हिच्या." तक्रार रास्त आहे.

कागदोपत्री पद्मिनी असली तरी आमच्या गल्लीत तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही. फियाटच म्हणतात. इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली ही गाडी. कारखाना काढणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरची दांडी स्टीअरिंगखाली. हिच्या आधीच्या गोलमटोल पिढीला आपली माणसे सरळ 'डुक्कर फियाट' म्हणत. त्या मानाने आमची अंगाने सडपातळ.

अण्णांनी ती १९८६ साली जुनी म्हणून विकत घेतली. बेळगावात कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटले होते ते हे वर्ष. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. गाडी घरी आल्यावर अण्णांनी पहिले काम केले ते म्हणजे खानापूर रोडकडच्या एका गॅरेजात जाऊन मिस्त्रींना ती दाखवली. मिस्त्री मूळचे बैलहोंगलकडचे, घरची भाषा कन्नड. आमच्याशी मराठी बोलत, पण इंजिनाशी बोलताना कन्नडच. बॉनेट उघडले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किडी बरतदेनु?" मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा इंजिनात किडे झाले की काय असे मला वाटले होते. किडी म्हणजे ठिणगी. ठिणगी येते का?

अण्णा गेले २००४ साली. गाडी माझ्याकडे आली आणि गाडीबरोबर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबाही आला. त्यात काढून ठेवलेले जुने भाग होते. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, अण्णांच्या बारीक अक्षरात: 'चालू आहे', 'अडचणीला चालेल', 'खराब, नमुन्यासाठी'. मीही तीच सवय पुढे चालवली. तिचा उपयोग पुढे येईल.

२००८ च्या मे महिन्यात आईला घेऊन सावंतवाडीला लग्नाला जायचे होते. आठवडाभर आधी मिस्त्रींनी गाडीच्या पेट्रोल पंपाचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत एसी पंपाचा, पडदा बदलून दिला होता. पडदा आणि मजुरी मिळून साडेतीनशे रुपये झाले. मला मात्र एवढ्यावर समाधान नव्हते. लांबचा प्रवास, घाटाचा रस्ता, म्हणून मी एका दुकानातून पॉइंट आणि कंडेन्सर नवे आणले आणि निघण्याच्या आदल्या रविवारी स्वतःच बसवले. जुने दोन्ही ठणठणीत होते. चालती वस्तू काढून नवी घालण्याची हौस. जुन्यांना 'चालू आहे' अशी चिठ्ठी बांधून डब्यात टाकले.

शिनोळी, चंदगड, आंबोली करत गेलो तेव्हा उतार होता, काही जाणवले नाही. परतताना दाणोली सोडून घाट चढायला लागलो आणि अर्ध्या घाटात गाडी अडखळली, दोन धक्के दिले आणि बंद पडली. दुपारचा एक वाजला होता. आई मागच्या सीटवर पदराने वारा घेत बसलेली.

जुन्या गाडीवाल्यांना हे दुखणे पाठ असते. एसी पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. उन्हाळ्यात, चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापते, पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच ओढत बसतो. उपाय सगळ्यांना ठाऊक: पंपावर ओले फडके टाकायचे आणि थांबायचे. मी आईच्या पाण्याच्या तांब्यात रुमाल भिजवून पंपावर टाकला. वीस मिनिटांनी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. आंबोलीपर्यंत आणखी दोनदा बंद पडली, दोनदा रुमाल भिजवला, दोनदा सुरू झाली. उपाय लागू पडतो आहे त्याअर्थी निदान बरोबर आहे, असे मी धरून चाललो. पंप नुकताच उघडलेला होता, म्हणजे दोष पंपात. पंप उघडला मिस्त्रींनी, म्हणजे दोष मिस्त्रींचा. घाट संपेपर्यंत खटला चालून निकालही लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तशीच अडखळत गॅरेजात नेली. तिथे चार गिऱ्हाइके होती, मिस्त्रींच्या हाताखालची दोन पोरे होती. मी गाडीतून उतरलो तोच बोलत. जुना पडदा घालून नव्याचे पैसे घेतले, म्हातारी बाई उन्हात घाटात बसली, असे बरेच काही. मिस्त्री हात पुसत ऐकत होते. ते काहीच बोलत नाहीत हे पाहून मी एक वाक्य पुढे गेलो. म्हणालो, "तुमची माणसं सगळी एकजात अशीच."

'तुमची माणसं' म्हणजे कोण, हे बेळगावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गिऱ्हाइकांपैकी दोघे मराठी होते, तेही खाली बघू लागले. मिस्त्रींनी गल्ल्याचा ड्रॉवर उघडला, साडेतीनशे रुपये मोजले आणि माझ्यापुढे धरले. मी ते घेतले. हे लिहायला मला सतरा वर्षे लागली आहेत, म्हणून पुन्हा लिहितो: मी ते घेतले आणि खिशात घातले.

त्यानंतर त्या गॅरेजात जाणे शक्य नव्हते. मग मीच गाडीचे पुस्तक मिळवले, फिलर गेज आणला, आणि रविवार सकाळ गाडीला दिली. दुखणे मात्र येत-जात राहिले. प्रत्येक वेळी मी उन्हाळ्याला नाहीतर पंपाला दोष देत राहिलो.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका सकाळी चोक ओढून गाडी सुरू केली आणि शेडमध्येच चालू ठेवली. बेळगावची डिसेंबरातली सकाळ. तोंडातून वाफ निघत होती. पंधरा-वीस मिनिटांत गाडी फटफटली आणि बंद. मी सवयीने ओले फडके घेऊन पंपाकडे गेलो. आधी हात लावून पाहिला. हात पंपावर आरामात राहत होता. तिथे पेट्रोलची वाफ होण्याचा काही प्रश्नच नव्हता. फडके हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

मग पहिल्यांदाच मिस्त्रींचा प्रश्न स्वतःला विचारला. कॉइलवरून डेल्कोच्या टोपीत जाणारी मधली वायर काढली, कोरड्या फडक्यात धरून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर आणले आणि सौ.ला सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी आली, पण पिवळट, बारीक, मरतुकडी. ठिणगी निळी आणि जाड हवी, टच्च आवाज करणारी हवी. डेल्को उघडले तर पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला त्याच मापाचा उंचवटा. गाडीच्या पुस्तकात हे चित्र अगदी असेच होते. खाली लिहिले होते: कंडेन्सर तपासा.

कंडेन्सर ही करंगळीच्या पेराएवढी डबी. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतो आणि मिटतो. उघडताना तुटणारा प्रवाह त्या फटीतून उडी मारू पाहतो. ती उडी कंडेन्सर स्वतःत झेलतो. त्यामुळे कॉइलमधला प्रवाह एकदम तुटतो, आणि एकदम तुटतो म्हणूनच प्लगपर्यंत जोराची ठिणगी पोहोचते. कंडेन्सर कमजोर असला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच जळते. आणि यातली खोच अशी की असला कंडेन्सर थंड असताना नीट वागतो, तापला की दगा देतो आणि पुन्हा निवला की जणू काही झालेच नाही. तो डेल्कोवर असतो, डेल्को इंजिनावर. आंबोलीच्या घाटात मी बॉनेट उघडून वीस मिनिटे थांबत होतो, तेव्हा माझा रुमाल पंप गार करत होता आणि वारा कंडेन्सर गार करत होता.

डबा काढला. माझ्याच अक्षरातली चिठ्ठी, 'चालू आहे'. एक स्क्रू, एक वायर. पॉइंटही जुने चढवले, फट अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी ठेवली. सेल्फ मारला. ठिणगी निळी, टच्च. गाडी तासभर शेडमध्ये चालू ठेवली. इंजिनाचा आवाज कुठेही चुकला नाही.

म्हणजे मिस्त्रींचा पडदा नवा होता आणि चांगला होता. दोष मी आणलेल्या, मी बसवलेल्या, आणि मिस्त्रींना मुद्दाम न सांगितलेल्या कंडेन्सरचा होता. हे मला डिसेंबर २००८ मध्ये कळले. मी गॅरेजात गेलो ऑक्टोबर २०२३ मध्ये.

मधल्या पंधरा वर्षांचा हिशेब देण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नाही. आधी वाटले, महिनाभराने जाऊ. मग इतका उशीर झाला की जाण्यालाच कारण उरले नाही असे वाटू लागले. २०१९ साली मी मुख्याध्यापक झालो आणि ते आणखी अवघड झाले. वर्गात दोन मुले भांडली की दोघांचे ऐकून घेतल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, असे मी शिक्षकांना सांगत असे. सांगताना प्रत्येक वेळी ते गॅरेज डोळ्यांपुढे येई, पण पाय तिकडे वळत नसत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि ती रस्त्यावरून उतरली. त्या बातमीचे कात्रण मला चौघांनी पाठवले. त्या दिवशी संध्याकाळी एका पाकिटात साडेतीनशे रुपये घातले. व्याज धरावे का, असा विचार आला होता. नको वाटले. घेतले तेवढेच परत.

गॅरेजच्या पुढच्या भागात आता मिस्त्रींचा नातू दुचाकी दुरुस्त करतो. मिस्त्री आत खुर्चीवर होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावून. मी नाव सांगण्याआधीच म्हणाले, "या की मास्तर. गाडी हाय काय अजून?"

मी पाकीट पुढे केले आणि कंडेन्सरची सगळी हकिगत सांगितली. ते मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "मला माहीत होतं की."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तुम्ही गाडी आत घातला तेव्हा आवाज ऐकलो. पेट्रोल कमी पडलं की गाडी रडत रडत मरते. ही तशी नव्हती, ठोके चुकवत आली होती. ठिणगीचं काम होतं ते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारला कुठं?" एवढे म्हणून त्यांनी पाकीट उघडले, नोटा बोटांनी चाचपून मोजल्या आणि नातवाला हाक मारून ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगितल्या. नको नको असे एकदाही म्हणाले नाहीत. मला त्याने फार बरे वाटले.

पण दुसरे देणे राहिलेच होते. मी म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी मी पैशांशिवाय आणखी एक बोललो होतो. तुमच्या माणसांबद्दल..." पुढे शब्द जुळेनात. एम.ए. मराठीचा मी, पण वाक्य पुरे होईना. मिस्त्रींनी हात किंचित उचलला आणि म्हणाले, "बिडरी." सोडा. हा शब्द कन्नडमध्ये क्षमेलाही चालतो आणि विषय बंद करायलाही. त्यांनी कोणत्या अर्थाने वापरला, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. चहा आला. चहा पिऊन मी घरी आलो.

तेव्हापासून दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यांना रिक्षाने आमच्या घरी आणतो. शेडपाशी खुर्ची टाकतो. ते डोळ्यांनी फार पाहत नाहीत, ऐकतात. मी पान्यावर. नातवाला जुन्या गाडीत रस नाही, आणि त्याचे चुकते असेही मला वाटत नाही. पोट दुचाकींवर चालते.

यंदा पावसाळ्यानंतर गाडी पुन्हा अडखळू लागली. मी मिस्त्रींना फोनवरच सांगून टाकले की हे इथेनॉलचे काम. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो, मऊ पडतो. टाकीच्या तळाशी साठलेली घाण सुटते आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये येऊन बसते. शिवाय ते पाणी ओढते, म्हणून उभ्या असणाऱ्या गाडीला जास्त बाधते. आपल्याच भागातल्या उसाचा रस आपल्याच गाडीला बाधावा, असा एक विनोदही मी तयार ठेवला होता.

मिस्त्री आले, खुर्चीवर टेकले. मी नवी नळी, नवा पडदा, जेट साफ करायची तार असे सगळे फडक्यावर मांडून बसलो होतो. गाडी सुरू केली. ती पाच-सात मिनिटे चालली, अडखळली, बंद पडली. मी पंपाचा नट सोडवायला पाना लावला.

खुर्चीवरून आवाज आला, "किडी नोडीरेनरी?"

पाहिली नव्हती. पाना खाली ठेवला, कॉइलची मधली वायर काढली आणि सौ.ला हाक मारली.

ठिणगी आली. निळी, जाड. आवाज मिस्त्रींपर्यंत गेला.

"आता पंप उघडा," ते म्हणाले.