दहा अंश आधी

पिस्टन अजून वर चढत असतो, पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जात असतं, आणि तेवढ्यात प्लग ठिणगी टाकतो. इतकी घाई कशाला, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतंच. पण मिश्रण एकदम भडकत नाही. आग सिलिंडरभर पसरून दाब शिगेला पोचायला ढोबळमानाने दोन मिलिसेकंद लागतात. तो दाब हवा असतो पिस्टन वरच्या टोकावरून पंधराएक अंश खाली वळल्यावर. त्याआधी आला तर वर येणाऱ्या पिस्टनच्याच डोक्यात घाव बसतो, फार उशिरा आला तर ताकद सायलेन्सरमधून वाया जाते.

हा आधीपणा वेगावर ठरतो. मिनिटाला 600 फेऱ्यांवर क्रँक एका मिलिसेकंदात जेमतेम 3.6 अंश फिरतो, 3000 फेऱ्यांवर 18 अंश. आगीला मात्र जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणून जो जितक्या वेगात, त्याने तितकं आधी पेटायचं.

माझी एमजीबी 1960च्या दशकातली. ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात या गाड्या बनल्या. 1798 सीसीचं साधं, जड, लोखंडी इंजिन आणि त्याच्या कुशीत ल्यूकसचा डिस्ट्रिब्युटर. हे इंजिन पूर्ण उतरवून बांधलं: बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घातले, हेड घासून सपाट केलं, कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे टाकले. चालत्या इंजिनाचं टायमिंग हललं असेल तर डिस्ट्रिब्युटर थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवत कानाने जुळवता येतं. नव्याने बांधलेल्या इंजिनात ही चैन नाही. नवा कॅम आणि टॅपेट एकमेकांवर नीट बसावेत म्हणून इंजिन पेटताक्षणी 2000च्या वर न्यायचं आणि वीसेक मिनिटं तिथेच ठेवायचं, कारण कमी फेऱ्यांवर कॅमवर तेल पुरेसं उडत नाही. नुसता स्टार्टर मारत बसलं तरी जोडणीच्या वेळी चोपडलेलं वंगण पुसलं जातं. थोडक्यात, जे इंजिन अजून एकदाही चाललेलं नाही त्याचं टायमिंग आधीच बरोबर हवं.

त्यासाठी लागतो दोन तारा जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब. आधी डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधली फट फिलर गेजने पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, करायची. मग चारही प्लग काढून, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू ढकलायची. शेजारचे निवृत्त फिटर ढकलायला येतात आणि सल्ले फुकट देतात. पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरायचा. हवेने अंगठा उचलला की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. हे न पाहता नुसत्या खुणेवर विसंबायचं नाही, कारण पुलीवरची खाच एका चक्रात दोनदा त्याच जागी येते आणि त्यातली एक वेळ साफ चुकीची असते. 1960च्या दशकातल्या एमजीबींत या खुणा इंजिनाच्या तळाशी आहेत. ज्याने कोणी त्या तिथे घातल्या त्याला कधी गाडीखाली पाठीवर सरपटावं लागलं नसणार.

पुस्तिका म्हणते, 10 अंश आधी. खाच तिथे आणायची, तीही पुढे जाता जाताच. पुढे निसटली तर बरीच मागे घेऊन पुन्हा पुढे आणायची, म्हणजे चेनमधला ढिलेपणा निघून जातो. बल्बची एक तार डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. स्विच ऑन करून डिस्ट्रिब्युटर बोटाने फिरवत राहायचं. पॉइंट उघडले की बल्ब लागतो. नेमकी तीच ठिणगीची वेळ. टाकीत पेट्रोल नसलं तरी चालतं. सगळ्या कामात मला हा भाग सर्वांत प्रिय आहे, आणि स्ट्रोब लाइट आल्यापासून लोक तो उरकून टाकतात याचं वाईट वाटतं.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये हे काम चालकाकडे होतं. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूची दांडी ओढून तो ठिणगी मागेपुढे करायचा, आणि ती पुढे असताना हँडल मारलं तर उलट झटक्याने मनगट मोडायचं. एमजीबीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ती अक्कल दोन वजनांत आणि दोन स्प्रिंगांत आहे. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते. पण पन्नास-साठ वर्षांत स्प्रिंग सैल पडतात. मग आयडलवर आकडा पुस्तकाबरहुकूम दिसतो आणि 3500वर भलताच. म्हणून मी खालच्या आकड्यापेक्षा वरच्याला मान देतो. व्हॅक्यूमची नळी काढून, फेऱ्या वाढवून, पुढे सरकणं थांबेल तिथे स्ट्रोब मारायचा; एकूण 32 अंशांच्या आसपास आलं की पुरे. खाली 10चे 12 झाले तरी होऊ देत. फिटर याच्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते पुस्तक ते पुस्तक.

पण पुस्तक लिहिलं गेलं ते शिसंयुक्त पेट्रोलच्या जमान्यात. आज साध्या पंपावर मिळतं ते शिसं नसलेलं, इथेनॉलवालं. माझं हेडही घासलेलं आहे, म्हणजे कॉम्प्रेशन किंचित वाढलेलं. पुस्तकातलं इंजिन आणि माझं इंजिन यांचं फक्त नाव एक. शेवटचा निकाल चढावरच लागतो. टॉप गिअरमध्ये, कमी वेगात, पाय दाबून ऐकायचं. प्रीमियर पद्मिनीतून कसारा घाट चढलेल्या पिढीला तो कर्रर्र असा नॉकिंगचा आवाज वेगळा शिकवावा लागत नाही. तो आला की एक अंश मागे. नाही आला तर, फिटरांकडे न बघता, तसंच ठेवायचं.

टायमिंग पक्कं झाल्यावरच दोन्ही एसयू कार्ब्युरेटरना हात लावायचा. उलट क्रमाने केलं तर कार्ब्युरेटर ठिणगीची चूक झाकत बसतात आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. त्यातही पुढच्या-मागच्याची हवा सारखी करायची की आधी मिश्रण, यावर फिटरांशी अजून वाद चालू आहे.