कुठल्या मंडळीसाठी?

रत्नागिरीत 'टिळक' म्हटलं की एकच. टिळक आळीतलं ते घर, १८५६ साली तिथे जन्मलेले लोकमान्य, शाळेची सहल आणि मग त्यावर निबंध. आमच्याच जिल्ह्यातले दुसरे टिळक फक्त मराठीच्या पुस्तकात भेटायचे, 'केवढे हे क्रौर्य!'वाले. करजगावचे, जन्म १८६१. त्यांच्या नावाआधी 'रेव्हरंड' असायचं. कवितेचा भावार्थ, रस, अलंकार सगळं परीक्षेला होतं, 'रेव्हरंड' परीक्षेला नव्हतं. त्यामुळे ते रावबहादुरसारखं काहीतरी असणार अशा समजुतीवर वर्गाचं भागून जायचं.

हा शब्द गेल्या महिन्यात पुन्हा आडवा आला, तोही हापिसात.

आमच्या टीममध्ये एक जण आहे, नगरचा. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तो स्वतः नगरच म्हणतो.) तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. सोमवार ते शुक्रवार आमच्याबरोबर बग्ज मारतो, आणि गेली सहा वर्षं दर शनिवारी पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॅन्सर वॉर्डात जाऊन बसतो. बसतो म्हणजे खरंच बसतो. कुणाचे पाय दाबून देतो, कुणाला पेपर वाचून दाखवतो, कुणाच्या घरी फोन लावून देतो. मागितली तर प्रार्थना करतो, नाही मागितली तर नाही. रात्री जागून, पत्राद्वारे, त्याने धर्मशास्त्राचा कोर्सही पुरा केलाय. आमचा वीकांत सिंहगडावर पिठलं-भाकरी खाण्यात जातो, त्याचा असा जातो.

मागच्या पावसाळ्यात वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती गृहस्थांनी त्याच्याकडे प्रभुभोजन मागितलं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, एवढंच. पण ते द्यायला दीक्षित पाळक लागतो, आणि हा पडला साधा सभासद. त्याने फोन केले. पाळकसाहेब त्या दिवशी गावाला होते, दुसरे भेटले ते 'उद्या सकाळी येतो' म्हणाले. सकाळी खाट रिकामी होती.

त्यानंतर याने दीक्षेसाठी अर्ज केला. समितीने शांतपणे ऐकून घेतलं, कामाचं कौतुक केलं आणि विचारलं, "कुठल्या मंडळीसाठी?"

इथे एक खुलासा. आपण ब्लॉगवर 'तर मंडळी...' म्हणतो ती मंडळी म्हणजे तुम्ही. ख्रिस्ती मराठीत मंडळी म्हणजे चर्च: इमारत नव्हे, तर त्या चर्चमध्ये जमणारी माणसं. तर समितीचं म्हणणं असं की पाळक म्हणजे कळप राखणारा. तुझा कळप कुठला? पत्ता सांग. याच्याकडे सांगायला होता तिसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड, आणि तिथली माणसं दर पंधरवड्याला बदलतात. अर्ज परत. आयटीच्या भाषेत सांगायचं तर याच्याकडे प्रोजेक्ट कोड नव्हता, आणि प्रोजेक्ट कोड नसेल तर टाइमशीट भरता येत नाही.

मला हे ऐकून जाम राग आला. मी काही ख्रिस्ती नाही, चर्चची पायरी लग्नाकार्यापुरतीच चढलेलो, तरी आला. त्याला मात्र नव्हता आला. "प्रश्न चुकीचा नाही रे," तो म्हणाला, "उत्तर शोधायला हवं." मग आम्ही दोघंही शोधायला लागलो. पुढचं सगळं त्यातून आलेलं.

पहिलं म्हणजे हा प्रश्न त्या समितीने काढलेला नाही. तो चांगला दीड हजार वर्षांहून जुना आहे. ४५१ साली खाल्सेदोन इथे भरलेल्या धर्मपरिषदेने सहावा नियम केला तो हाच: कुणालाही मोघम दीक्षा द्यायची नाही, ज्याला नेमणूक नाही त्याची दीक्षा रद्द समजायची. कारणही समजण्यासारखं आहे. दीक्षा घेऊन गावोगाव भटकणारा, कुणालाच उत्तर न देणारा गुरू काय काय करू शकतो हे आपल्याला नव्याने सांगायला नको, रोज टीव्हीवर दिसतं. पण त्या नियमातली गंमत पुढे आहे. नेमणूक कुठे असावी? तर शहरातल्या किंवा गावातल्या चर्चमध्ये, किंवा हुतात्म्याच्या समाधिस्थानी, किंवा मठात. म्हणजे ज्यांनी दार लावलं त्यांनीच खिडकीही ठेवली होती! माणूस कशाला तरी बांधलेला हवा, हा आग्रह. ते 'कशाला तरी' म्हणजे रविवारची उपासना भरणारं चर्चच हवं, असं काही नाही.

कॅथलिकांनी ही खिडकी चांगली मोठी करून घेतली. त्यांच्यात प्रत्येक धर्मगुरू कुठल्या तरी बिशपच्या किंवा संघाच्या हाताखाली असावाच लागतो, पण त्याचं काम काहीही असू शकतं. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट १९४८ साली भारतात आले आणि नगरच्या दुष्काळी भागात पाणी अडवण्यात त्यांनी आयुष्य घातलं. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम त्यांच्या पुढाकारातून उभा राहिला. २०२१ मध्ये ते गेले. त्यांचा कळप म्हणजे समतल चर खणणारी गावं. पण 'हा माणूस कुणाचा?' याला उत्तर होतं: येशूसंघाचा. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटोही तसेच. 'सुवार्ता'चं संपादन, हरित वसईची चळवळ, आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या (आता धाराशिव) ९३ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. यात चर्चची वेदी कुठे येते? कुठेच नाही, आणि तरी २०२४ मध्ये जाईपर्यंत ते 'फादर'च होते.

पण माझा मित्र प्रॉटेस्टंट. आणि प्रॉटेस्टंट मराठी माणसाने हा प्रश्न विचारला की वाट फिरून आमच्या करजगावच्या टिळकांपाशीच येते.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. घरादाराशी फारकत झाली, लक्ष्मीबाई पाच वर्षांनी त्यांच्या मार्गाने आल्या. हे सगळं त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. (वाचलं नसेल तर हा लेख इथेच सोडा आणि ते वाचा, तुमचा फायदाच आहे.) १९०४ साली अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांना दीक्षा मिळाली आणि ते 'रेव्हरंड' झाले. आता या माणसाचं काम काय होतं बघा. कविता, अभंग, भजनं, 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादन, दुष्काळात उघड्यावर पडलेली पोरं घरात आणून ठेवणं. आजही मराठी चर्चमध्ये गायली जाणारी कितीतरी पदं त्यांची आहेत. म्हणजे मिशनने हात ठेवले ते एका कवीच्या डोक्यावर, आणि ते ठेवले हे मला त्या मिशनचं मोठेपण वाटतं.

मग १९१७ मध्ये हा गृहस्थ मिशनची चाकरी सोडून संन्यासी झाला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडून बसला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त चालत. वयाच्या पन्नाशीनंतर! आपण तिशीत नोकरी बदलताना चार एक्सेल शीट करतो. आता ते कुठल्या मंडळीचे पाळक होते? कुठल्याच नाही. म्हणून १९०४ ची दीक्षा पुसली गेली का? कुणी तसं मानलं नाही. आमच्या पुस्तकात ते अजून रेव्हरंडच आहेत.

इथे थांबलो असतो तर गोष्ट माझ्या मित्राच्या बाजूने छान संपली असती. पण पुढचंही खरं आहे. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले, आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. दोन वर्षं पुरती झाली नव्हती, सगळं एका माणसाच्या जीवावर उभं होतं. त्यांचं चरित्र लिहिणारे इंग्रज पाद्री जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला तो मात्र संघ म्हणून: सोबती, नियम, वरती चर्च. पुण्यात शिवाजीनगरला त्या परंपरेतला आश्रम आहे, तुमच्यातले कित्येक जण त्यावरून रोज जात असतील. मला टिळक जास्त आवडतात. पण वॉर्डात टिकायचं असेल तर विन्स्लोंची पद्धत जास्त उपयोगी आहे, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं.

आणि दीक्षा हा नुसता मान नाही. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा घ्या. लग्न कुणी लावायचं, तर बिशपकडून दीक्षा मिळालेल्याने, स्कॉटलंडच्या चर्चच्या पाळकाने, नाहीतर ज्याला सरकारने परवाना दिला आहे अशा धर्मसेवकाने, नाहीतर सरकारी विवाह निबंधकाने वगैरे. म्हणजे सरकारसुद्धा विचारतं, तू कुणाचा? आपल्याकडे ज्ञानप्रबोधिनीने बायकांना पौरोहित्य शिकवलं तेव्हा 'यांना कुणी अधिकार दिला' असं विचारणारे होतेच. पाठीशी एक संस्था होती म्हणून त्या कार्य लावून मोकळ्या झाल्या. एकट्यादुकट्या बाईला लोकांनी दारातूनच परत पाठवलं असतं.

माझ्यापुरतं मत असं झालंय. मरणाऱ्या माणसाला समोरच्याची नेमणूक तपासायला वेळ नसतो, म्हणूनच ती आधी कुणीतरी तपासलेली हवी. वॉर्डात, तुरुंगात, वस्तीत काम करणाऱ्याला दीक्षा जास्त लागते, कमी नाही, कारण तिथे त्याच्यावर लक्ष ठेवायला शंभर डोळ्यांची मंडळी समोर बसलेली नसते. लक्ष ठेवायचं काम दीक्षा देणाऱ्यांनीच करायचं. हे कष्टाचं आहे. 'कुठल्या मंडळीसाठी' विचारून फाइल बंद करणं त्यामानाने सोपं.

मित्राने हे सगळं ऐकून घेतलं आणि यातलं जवळजवळ काहीच अर्जात घातलं नाही. टिळक तर नाहीतच. ("ते समितीला माझ्याहून जास्त पाठ आहेत!" :-) नव्या अर्जात एवढंच आहे: नेमणूक अमुक हॉस्पिटल, वॉर्ड तिसरा मजला, वार शनिवार. पगार नको. ज्या मंडळीचा तो सभासद आहे तिच्या पाळकांना दर महिन्याला लेखी हिशेब देईन. त्यांनी सांगितलं तर थांबेन. शेवटची ओळ मी खोडायला सांगितली होती, त्याने ठेवली.

समितीची बैठक जूनमध्ये आहे. तोवर एका म्हाताऱ्या निवृत्त पाळकांनी शनिवारी त्याच्याबरोबर वॉर्डात यायचं कबूल केलंय. लिफ्ट बंद असली की हा त्यांना खुर्चीवर बसवून, वॉर्डबॉयच्या मदतीने, तीन जिने वर नेतो.