घरपालट: निवृत्त सेवाश्वान आणि जुन्या माणसाची भेट

सेवाश्वान म्हणजे हौसेने पाळलेला नव्हे, तर ठरावीक कामासाठी शिकवून तयार केलेला आणि त्या कामापुरता एका माणसाशी जोडून दिलेला कुत्रा. पोलिसांच्या श्वान पथकातील माग काढणारे व स्फोटके हुडकणारे कुत्रे, सैन्यातील कुत्रे आणि अंधांना वाट दाखवणारे मार्गदर्शक कुत्रे हे सारे या संज्ञेत येतात. पथकात ज्या शिपायाच्या हाती असा कुत्रा सोपवलेला असतो त्याला हस्तक म्हणतात, आणि खाणे, आंघोळ, सराव, शाबासकी हे सगळे त्याच एका हातून मिळत असल्यामुळे कागदोपत्री शासनाचा असलेला हा प्राणी मनाने त्या माणसाचा असतो. वय झाले की त्याची सेवा संपते आणि पुष्कळदा त्याला अनोळखी घरी जावे लागते. या बदलाला येथे घरपालट म्हटले आहे. घरपालटीत माणूस आणि जागा तर सुटतेच, पण कामही सुटते, आणि काम सुटल्याचे दुःख नव्या घराच्या सर्वांत उशिरा ध्यानात येते, हे प्रस्तुत लेखकाने मराठवाड्यातल्या बिलोली येथील स्वतःच्या घरात पाहिलेले आहे.

मराठवाड्याला पोलिसांच्या कुत्र्यांबद्दल आस्था आहे. बीड पोलिसांचा रॉकी 2020 च्या ऑगस्टमध्ये वारला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला, तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याने साहाय्य केल्याचे सांगितले गेले आणि पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात त्याची आठवण काढली. मरणाचा असा सन्मान योग्यच आहे. मात्र सेवा संपणे आणि मरण येणे यांच्यामध्ये जी दोन, तीन, कधी पाच वर्षे उरतात, त्यांविषयी फारसे कोणी बोलत नाही. सैन्यात तर काही वर्षांपूर्वीपर्यंत कामास अयोग्य ठरलेल्या कुत्र्यांना वेदनारहित मृत्यू देण्याची रीत होती. 2015 मध्ये माहिती अधिकारातून ती उघड झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि त्यानंतर धोरण बदलून मेरठ येथे निवृत्त कुत्र्यांच्या सांभाळाची सोय झाली. अमेरिकेने सैन्यातील कुत्रे घरी नेण्याची मुभा देणारा कायदा 2000 मध्येच केला होता. मुंबईवरील 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात बॉम्बशोधाचे काम केलेल्या मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर यांना निवृत्तीनंतर विरारच्या शेतघरात आसरा मिळाला व चौघेही 2016 या एकाच वर्षात गेले. त्या व्यवस्थेतील शहाणपणाचा भाग असा, की माणसे सुटली तरी सोबती सुटले नाहीत.

बिलोलीत आलेली लॅब्रेडर जातीची मादी एकटी आली. स्फोटके शोधण्याच्या कामावर तिचे सारे आयुष्य गेले होते, मागचे पाय सांधेदुखीने आखडले होते, आणि तिचा हस्तक, म्हणजे प्रस्तुत लेखकाचा चुलतभाऊ, तिसऱ्या मजल्यावरच्या सरकारी खोलीत राहत असल्याने त्याला तिला ठेवून घेणे शक्य नव्हते. पहिले तीन दिवस तिने ज्वारीची भाकरी आणि दूध यांना तोंड लावले नाही; पहाटे सरावाच्या वेळी ती ओसरीवरून उठून दारापाशी जाई आणि रस्त्याकडे तोंड करून बसे. निवाराघरात आलेल्या कुत्र्यांच्या लाळेत व रक्तात कॉर्टिसोल नावाचे, ताणाच्या वेळी शरीर सोडते ते संप्रेरक मोजले, तर तेथील पहिल्या तीन दिवसांत ते सर्वाधिक आढळते व पुढे उतरते, असे अमेरिकेतील अभ्यासांत दिसले आहे. बिलोलीत कोणी काही मोजले नाही, परंतु चौथ्या दिवशी तिने ताक प्यायले हे घरातल्या सर्वांच्या लक्षात आहे.

तेलंगणाच्या सीमेवरील या गावात बाजारात मराठी, तेलुगू आणि उर्दू एकाच वेळी ऐकू येतात, घरातील माणसांनी तिच्याशी आपापल्या परीने तिन्ही भाषांत बोलून पाहिले, आणि तिला एकही कळली नाही, कारण तिचे हुकूम तिने ज्या शब्दांत व ज्या स्वरांत शिकले होते ते तेवढेच होते. चुलतभावाला फोनवर विचारून ते शब्द वहीत उतरवून घेतले गेले तेव्हा ती पहिल्यांदा शेपूट हलवून उठली. दिवाळीत शेजारच्या दुकानात फटाक्यांची खोकी आली, तेव्हा ती त्यांच्यासमोर जाऊन शांतपणे बसली आणि मान वर करून माणसाच्या हाताकडे पाहू लागली. स्फोटके हुडकणारा कुत्रा भुंकत नाही वा उकरत नाही. वास लागला की तो बसतो, आणि बक्षीस म्हणून चेंडू मिळण्याची वाट पाहतो. तिने आपले काम चोख केले होते आणि चेंडू कोणाच्याच हातात नव्हता. त्यानंतर रोज संध्याकाळी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याच्या आवारात, फटाक्याची दारू बांधलेली फडक्याची पुरचुंडी लपवून ठेवण्याचा व ती सापडली की चेंडू देण्याचा नेम सुरू झाला, आणि तिचे खाणे त्याच आठवड्यात पूर्ववत झाले.

जुन्या माणसाची भेट घडवावी की टाळावी, याबाबत घरात मतभेद होता. भेटीने जखम उकलेल, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता, म्हणून पहिल्या भेटीपूर्वी बरेच महिने जाऊ दिले गेले. पोळ्याच्या दिवशी चुलतभाऊ आला तेव्हा ती प्रथम परक्यावर भुंकावे तशी भुंकली. तो साध्या कपड्यांत होता आणि तिची नजर मंद झाली होती. वारा फिरला तशी ती मध्येच थांबली, तिच्या तोंडून बारीक कण्हणे निघाले आणि ती सरपटत येऊन त्याच्या पायांवर पसरली. यात नवल नाही, कारण कुत्र्याची ओळख मुख्यत्वे वासाची असते: उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथील हेपर यांनी 1994 मध्ये दाखवले की पिल्लपणी आईपासून वेगळी झालेली कुत्री दोन वर्षांनंतरही केवळ कापडावरील वासावरून आईला ओळखतात, आणि अटलांटा येथील बर्न्स व सहकाऱ्यांनी 2015 मध्ये जागृत कुत्र्यांच्या मेंदूचे चित्रण करून असे पाहिले की ओळखीच्या माणसाचा वास येताच, तो माणूस समोर नसतानाही, मेंदूतील सुखद अपेक्षेशी जोडलेला भाग सर्वांत जास्त उजळतो.

निरोपाच्या वेळी मात्र प्रस्तुत लेखकाकडून मोठी चूक झाली. ती मागे धावू नये म्हणून तिला परसात साखळीने बांधण्यात आले, चुलतभाऊ तिच्या नजरेआड निघून गेला, आणि तासाभराने पाहिले तेव्हा साखळी चावून तिच्या हिरड्यांतून रक्त येत होते. पुढचे दोन दिवस तिने अर्धेच खाल्ले. इटलीतील संशोधकांनी मार्गदर्शक कुत्र्यांना थोडा वेळ मालकापासून दूर ठेवले असता ते बाहेरून संयमी राहिले, तरी त्यांच्या हृदयाची गती स्पष्टपणे वाढलेली आढळली. शिकवलेला कुत्रा आपले दुःख दाखवत नाही, आणि त्याला काही वाटत नाही असा त्यावरून निष्कर्ष काढणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

दुसऱ्या भेटीत तिला मोकळे ठेवले गेले. चुलतभाऊ तिच्यादेखत, तिच्या पाठीवर हात ठेवून, नेहमीचा सुटीचा शब्द उच्चारून निघाला. ती फाटकापर्यंत गेली, गाडी वळेपर्यंत उभी राहिली, आणि मग आपण होऊन ओसरीवर परतली. त्या रात्री तिने पूर्ण खाल्ले. मार्गदर्शक कुत्र्यांचे आयुष्यच या प्रकारचे असते: पिल्लपणी ते एका स्वयंसेवी कुटुंबात वाढतात, दीड वर्षाच्या सुमारास ते घर सोडून प्रशिक्षणाला जातात, मग अंध व्यक्तीकडे, आणि निवृत्तीनंतर पुष्कळदा पुन्हा पहिल्या कुटुंबाकडे, तरीही पहिले नाते तुटल्यामुळे त्यांना दुसरे नाते जोडता येत नाही असे इटलीतीलच 2006 च्या अभ्यासात आढळले नाही. कुत्र्याच्या मनात एका माणसासाठी जागा करायला दुसऱ्याला बाहेर काढावे लागत नाही, आणि नव्या घराने हेवा धरण्याचे काही कारण नाही.

ज्यांना निवृत्त सेवाश्वान घरी आणण्याची संधी मिळेल त्यांनी हस्तकाकडून तीन वस्तू अवश्य मागून घ्याव्यात: त्याचा न धुतलेला जुना सदरा, कुत्र्याला कळणाऱ्या शब्दांची यादी आणि स्वतः हस्तकाचा फोन नंबर. कुत्रा नीट खाऊ लागला की त्या नंबरवर फोन करून हस्तकाला घरी बोलवावे, आणि तो निघेल तेव्हा कुत्र्याला बांधू नये.