एका बँकरचा नकार

मध्यंतरी अमेरिकेतील कू क्लक्स क्लॅनचा इतिहास वाचत असताना वॉरन मॅक्रे या नावापाशी अडखळलो. लाच धुडकावणारा गव्हर्नर म्हणून त्याचा उल्लेख होता आणि फसवणुकीबद्दल तुरुंगात गेलेला म्हणूनही. माणूस एकच. इतकी वर्षे विद्यार्थ्यांकडून 'स्वभावचित्रण करा' या प्रश्नाची उत्तरे लिहून घेतली, पण या माणसाचे उत्तर मला काही जुळवता येईना.

मॅक्रे १८६५ साली इंडियाना राज्यात जन्मला. केंटलंड या लहानशा गावी तो बँकेच्या व्यवसायात वाढला. हेरफर्ड जातीच्या गुरांच्या पैदाशीत त्याने नाव मिळवले. १९२० मध्ये तो गव्हर्नरपदी निवडून आला आणि त्याच सुमारास, महायुद्धाच्या काळात चढलेले शेतमालाचे भाव कोसळले. जमिनीत आणि गुरांत अडकलेला पैसा बुडू लागला. तेव्हा बँकरने कधीही करू नये ते त्याने केले : बनावट वचनचिठ्ठ्या टपालाने बँकांकडे पाठवून कर्जे उचलली.

१९२३ मध्ये हे प्रकरण बाहेर आले. मॅरियन परगण्याचा सरकारी वकील त्याचा जावईच होता. सासऱ्यावर खटला चालवण्यापेक्षा त्याने राजीनामा दिला. रिकाम्या जागी नेमणूक करणे गव्हर्नरच्या हाती होते. क्लॅनच्या गोटातील एडवर्ड जॅक्सन याने मॅक्रेपुढे प्रस्ताव ठेवला : आमचा माणूस नेमा, दहा हजार डॉलर घ्या, खटल्यातूनही सुटाल. गळ्यापर्यंत बुडालेल्या मॅक्रेने नकार दिला आणि विल्यम रेमी याची नेमणूक केली.

एप्रिल १९२४ मध्ये मॅक्रे दोषी ठरला. त्याने पद सोडले आणि दहा वर्षांची शिक्षा घेऊन तो अटलांटाच्या तुरुंगात गेला. त्याच वर्षी जॅक्सन गव्हर्नर म्हणून निवडून आला. पण १९२५ मध्ये क्लॅनचा इंडियानातील म्होरक्या डी. सी. स्टीफन्सन याला एका तरुणीच्या खुनाबद्दल दोषी ठरवून घेणारा सरकारी वकील होता रेमीच. क्लॅनची तेथील सत्ता त्यानंतर ढासळत गेली. १९२७ मध्ये सुटलेल्या मॅक्रेने पुढच्या वर्षी जॅक्सनविरुद्ध साक्ष दिली. जॅक्सन मुदतीच्या कायद्याच्या आधारे निसटला. मॅक्रेला १९३० मध्ये अध्यक्ष हूवर यांनी माफी दिली.

या नकारामुळे मॅक्रेची फसवणूक धुऊन निघते असे मला वाटत नाही. त्याच्या शब्दावर पैसे देणाऱ्या बँकांना या नकाराचा काय उपयोग? जमाखर्चात अशी वजाबाकी होत नसते.

तरी हे सारे मला झोंबले, त्याचे कारण घरचेच आहे. कधीच न झालेल्या एका बैठकीच्या इतिवृत्तावर काही वर्षांपूर्वी मीही सही केली. त्यानंतर असे कागद समोर आले की मनाशी म्हणत आलो, एकदा हात माखले, आता कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे? मॅक्रेचे हात माझ्याहून कितीतरी अधिक माखलेले होते आणि 'हो' म्हटल्याने त्याची सुटका होणार होती. तरी तो नाही म्हणाला.

ती सबब आता मला वापरता येणार नाही.