दादांचे हत्ती

आमच्या लिहिण्याच्या मेजावर सध्यां पौरवराजाचें सैन्य उभें आहे. सैन्य म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूचीं ओतीव माणसें. तळपायापासून डोळ्यांपर्यंत जेमतेम पंधरा मिलिमीटर उंचीचीं. हत्ती तेवढे आंगठ्याएवढे. साठी उलटलेल्या गृहस्थानें असल्या बाहुल्या रंगवीत बसावें याचें कित्येकांना हंसूं येईल. परंतु एच्. जी. वेल्स यांनीं इ. स. १९१३ मध्यें 'लिटल वॉर्स' हें पुस्तक लिहून असल्या लुटुपुटीच्या लढायांची तरफदारी केली, तेव्हां त्यांनींहि वयाची पंचेचाळिशी ओलांडली होती. आम्हांस एवढा आधार पुरे आहे.

वस्तुतः हें सैन्य आमचें नव्हे, आमच्या वडीलबंधूंचें. दादांना हा नाद सेवानिवृत्तीनंतर लागला. त्यांच्या चिरंजीवांजवळ शिकंदराचें सैन्य तयार होतें. तेव्हां झेलमच्या कांठची इ. स. पू. ३२६ मधील लढाई बापलेकांनीं मेजावर लढावयाची असा बेत ठरला. इंग्लंडांत १९९० सालीं निघालेल्या 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' या नियमावलीप्रमाणें प्रत्येक पक्षाला बाराच पथकें लागतात, आणि तासाभरांत निकाल लागतो. पण सैन्य निम्मेंअर्धें रंगलें असतांना दादा गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनींनीं तो खोका आमच्या हातीं दिला. "भावोजी, मुलाला सवड नाहीं, आणि मला हें रद्दीवाल्याला देववत नाहीं," एवढेंच त्या म्हणाल्या.

खोक्यांत तीन हत्ती व सहा घोडेस्वार रंगवून पुरे झालेले होते. वीस धनुर्धारी आणि दोन रथ तसेच करडे, बोडके. शिवाय दादांच्या सुवाच्य अक्षरांतील एक वही. तींत आरियन या ग्रीक इतिहासकाराच्या ग्रंथांतून त्यांनीं नेटकीं टिपणें काढलीं होतीं : तीस हजार पायदळ, चार हजार घोडदळ, तीनशें रथ, दोनशें हत्ती. खालीं बारीक अक्षरांत, कर्टियस हत्ती पंच्याऐंशी धरतो आणि डायोडोरस एकशेंतीस. हत्तींवर अंबारी नाहीं, याचेंहि कारण वहींत होतें. हत्तीच्या पाठीवर मनोरे चढविण्याची चाल ग्रीक राजांच्या सैन्यांत पुढें दिसते. या लढाईच्या वर्णनांत तिचा उल्लेख नाहीं. घरीं येणारा प्रत्येक पाहुणा मात्र "अंबारी कुठें आहे?" म्हणून विचारतोच. म्हैसूरच्या दसऱ्याचा हा प्रताप!

दाढ्यांविषयींचें टिपण तर आम्हांस फारच आवडलें. शिकंदराचा नौकाधिपति निआर्कस याच्या आधारें आरियन सांगतो कीं, हिंदी लोक दाढ्या रंगवीत. कोणी पांढरी शुभ्र, कोणी गडद निळी, कोणी तांबडी, जांभळी, तर कोणी हिरवी. 'हिरवी' या शब्दापुढें दादांनीं प्रश्नचिन्ह करून 'पाहूं' असें लिहिलें होतें.

काम दिसतें त्याहून चिकट आहे. ओतकामाची शिवण बारीक कानशीनें घासावयाची, मूर्ति साबणाच्या पाण्यानें धुवावयाची, मग अस्तराचा हात. त्यावर रंग, तोहि पातळ, नाहीं तर नाकडोळे बुजतात. पुढें तपकिरी पाणीदार रंग सर्वांगावर सोडला म्हणजे तो खळग्यांत उतरून सांवल्या आपोआप पडतात. शेवटीं कुंचला कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करावयाचा आणि फिक्या रंगानें उंचवट्यांवरून नुसता फिरवावयाचा. आमचा हात आतां किंचित् कांपतो. गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी जाणत्या कारागिराकडेच कां असते, हें आम्हांस पहिल्याच धनुर्धाऱ्यानें शिकविलें; डोळे काढल्यावर तो युद्धापेक्षां दंतवैद्याकडे निघालेला दिसूं लागला. उरलेल्या एकोणीस जणांच्या डोळ्यांच्या जागीं आम्हीं केवळ सांवली ठेविली. दादांच्या हत्तींचे डोळे मात्र बिंदुमात्र असूनहि जिवंत आहेत.

आतां जी गोष्ट सांगावयाची, ती सांगतांना अजूनहि संकोच वाटतो. रंग टिकावा म्हणून वरून बिनचकाकीचें व्हार्निश फवारतात. 'पावसाळ्यांत फवाऱ्याचा डबा उघडूं नये,' असें दादांनीं वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलें होतें. आम्हीं तें वाचलें होतें. पण आषाढ चालू होता, पुतण्या महिन्याच्या अखेरीस येणार होता, आणि त्याला सबंध सैन्य दाखविण्याची आम्हांस घाई. आम्हीं गॅलरींत फवारा मारला. आणि तोहि आमच्या धनुर्धाऱ्यांवर नव्हे, दादांच्या हत्तींवर व घोडेस्वारांवर, कारण तेच काय ते पूर्ण झालेले होते. अर्ध्या तासानें पाहतों तों सारे पांढुरके! दमट हवेंतला ओलावा वाळत्या थरांत सांपडून तो दुधाळ होतो, हें शास्त्र आम्हांस मागाहून कळलें. त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. वहिनींना कांहीं न सांगतां खोका कपाटांत ठेवून दिला.

पुतण्यास मात्र दूरध्वनीवरून कबुली द्यावी लागली. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, कोरडा दिवस पाहून चकाकीचें व्हार्निश कुंचल्यानें लावून बघा. पण आधीं एकाच घोड्यावर." असा दिवस भाद्रपदांत मिळाला. एका घोड्याच्या मागल्या पायावर कुंचला टेकविला, आणि ओल्या फडक्यानें कांच पुसावी तसा त्याचा तांबूस रंग वर आला. घोडे सुधारले, दोन हत्ती सुधारले. तिसऱ्याच्या डाव्या कानामागच्या सुरकुत्यांतलें धुकें मात्र तीन हात दिले तरी गेलें नाहीं. तेवढा भाग नव्यानें रंगवावा असें पुतण्याचें मत पडलें. रंग कालवूनहि आम्ही कुंचला टेकवूं शकलों नाहीं. तो कान दादांनीं रंगविलेला होता.

मग उरल्या बैठका. प्रत्येक पथक चाळीस मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर चिकटवितात, आणि पट्टीवर फेव्हिकॉल लावून वाळू पसरतात. 'माती चाळून घ्यावी, किल्ल्याला घेत होतों तशी,' असें वहींत होतें. लहानपणीं दिवाळींत आम्ही दोघे अंगणांत किल्ला करीत असूं. दादा माती चाळीत आणि आम्हांस हळीव पेरण्याचें काम असे. आम्हीं माती चाळली, पण हिरवळ थोडीच ठेविली. कारण त्या रात्रीं मुसळधार पाऊस झाला होता. पौरवाच्या मुलाचे रथ चिखलांत निकामी झाले, असें आरियन सांगतो. आणि पुरुषभर उंचीचें धनुष्य जमिनीवर टेकून, डाव्या पायानें दाबून बाण सोडणाऱ्यांना निसरड्या भूमीवर तें टेकवितां येईना, असें कर्टियसचें म्हणणें आहे. म्हणून रथांचीं चाकें चिखलानें माखलीं आणि तेवढ्याच जागीं चकाकीचें व्हार्निश लावलें. चिखल ओला दिसतो. उरलेलें व्हार्निश असें कामीं आलें.

गेल्या रविवारीं वहिनी आल्या. भिंगांतून एकेक पथक पाहिलें. हिरव्या दाढीचा धनुर्धारी पाहून हंसल्या. मग तो तिसरा हत्ती उचलून बराच वेळ पाहात राहिल्या. "हा तेवढा धुक्यांतून आल्यासारखा दिसतो," त्या म्हणाल्या. आम्हीं सर्व हकीकत सांगितली.

"ते असते तर चार दिवस तुमच्याशीं बोलले नसते," असें म्हणून त्यांनीं तो हत्ती परत ठेविला. पण कडेला नव्हे, मधोमध, पौरवाच्या जागीं.

लढाई दिवाळींत व्हावयाची आहे. पाऊस पडलेला धरावा कीं नाहीं, यावर काका-पुतण्यांचें अद्याप एकमत झालेलें नाहीं. पुतण्या इतिहासाकडे बोट दाखवितो. आमचा आग्रह कोरड्या जमिनीचा आहे.