एका सरीला एक शब्द

आमच्या गावात इंग्रजी यायचं ते पाचवीला. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं 2000 साली. आम्ही त्याच्या कितीतरी आधीचे. त्यामुळं बारावीनंतर स्पर्धा परीक्षेच्या नादाला लागलो, तेव्हा पेपरातले समानार्थी-विरुद्धार्थी शब्द बघूनच घाम फुटायचा. तालुक्याच्या बाजारातनं एक जुना कोश आणला. त्याची शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली. म्हणजे 'व्ही'च्या पुढचं इंग्रजी माझ्यापुरतं नव्हतंच.

पाठांतराला वेळ मिळायचा तो रात्रीच. उसाला लाइट रात्रपाळीची. आबा मोटारीपाशी, मी दारं धरायला. एका सरीला एक शब्द. सरी भरेस्तोवर बॅटरीच्या उजेडात स्पेलिंग आणि अर्थ घोकायचा. दारं मोडून पाणी पुढच्या सरीला लावलं की पुढचा शब्द. 'अबंडंट' म्हणजे मुबलक आणि 'स्कार्स' म्हणजे टंचाईचं, हे दोन मात्र घोकावे लागले नाहीत. ते आमच्या विहिरीनंच शिकवले.

पण सुटे शब्द टिकत नसत. सकाळपर्यंत निम्मे वाहून जायचे. कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं, "शब्दाचं मूळ धर, फांद्या आपोआप हाताला लागतील." लॅटिनमधलं 'माल' म्हणजे वाईट. त्यावरनं मालन्यूट्रिशन, कुपोषण. फवारणीवाले आमच्या भिंतीवर तारीख टाकून जायचे तो मलेरियासुद्धा इटालियन 'माल आरिया', वाईट हवा. डासाचा दोष कळायच्या आधीचं ते नाव. 'मंगूस' तर आमच्या मुंगसावरनंच गेलेला! ते आबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी आपलं बी त्यांनी नेलंय म्हणायचं."

मग 'मॉर्ट' आलं. मॉर्ट म्हणजे मरण. मॉर्टल, पोस्टमॉर्टेम आणि त्याच ओळीत मॉर्गेज. हा शब्द आमच्या घरातच होता. पाइपलाइनसाठी आबांनी रान गहाण टाकलेलं, त्या कागदावर वरच मोठ्या अक्षरात. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ मेलेलं तारण. एडवर्ड कोक नावाच्या इंग्रज कायदेपंडितानं 1628 साली त्याचा उलगडा केलाय : कर्ज फिटलं तर तारण सावकाराला मेलं, नाही फिटलं तर धन्याला मेलं.

ज्या रानात पाणी पाजत होतो तेच हे रान. आबांना सांगावं का नको, असं झालं. शेवटी सांगितलं.

आबा पाण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मेलेलं कसं? पानी पितंय की ते. पर त्या कागदात आनि काय काय लिवलंय, त्ये समदं वाच उद्या."

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या पेटीतनं कागद काढला. चार पानं, सगळी इंग्रजीत. वाचायला दिवस मावळला. हप्ता चुकला की दंडाचं व्याज, आणि त्या व्याजावर पुन्हा व्याज. सही आबांचीच होती. सही घेताना यातलं एक अक्षर त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

त्या दिवाळीआधी दुभती म्हैस विकली. आई दोन दिवस जेवली नाही. पण रान सुटलं, सातबाऱ्यावरचा बोजा उतरला.

परीक्षेत 'मॉर्गेज' आला नाही. गावात मात्र कुणाला इंग्रजी कागद आला, की आबा सांगायचे, "सही कराया घाई नगं. आदी आमच्या पोराकडनं वाचून घ्या."