सरासरी डोकं

मेंदूला बाहेरून वीज देणारं यंत्र हल्ली ऑनलाइन मिळतं. एक बॅटरी, दोन वायरी, मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज आणि साधारण २ मिलिअँपिअर करंट. चुलतभावाने मला त्याची लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘आईसाठी मागवू का? तू इंजिनीअर आहेस, तूच सांग.’

काकी ६१ वर्षांची. अंबाडी नाक्यावर भाजी आणायला गेली की दहा जणांशी बोलून येणारी. डिप्रेशनच्या गोळ्या वर्षभर चालू आहेत, पण ती नाक्यावर जात नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण सिमनिब्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते एमआरआयवरून डोक्याचे लाखो चिमुकले तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यात वीज किती पोहोचेल, ते गणिताने काढतं. रात्री लॅपटॉपवर चालवून पाहिलं.

आमच्याकडे भातखाचरात पाणी सोडतात तसंच हे. पाणी बांध फोडत बसत नाही, सोपी वाट धरतं. डोक्यात कवटी हा बांध. मेंदूभोवतीचं पाणी कवटीच्या दीडशेपट सहज वीज वाहून नेतं, असं सॉफ्टवेअरमधले आकडे सांगतात. त्यामुळे बराचसा करंट कातडीतूनच एका स्पंजाकडून दुसऱ्याकडे निघून जातो. २०१७ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी एपिलेप्सीच्या रुग्णांच्या मेंदूत आधीच बसवलेल्या इलेक्ट्रोडवर हे मोजलं. २ मिलिअँपिअरला जास्तीत जास्त भरलं मीटरमागे ०.८ व्होल्ट. वीज कुठे जास्त, कुठे कमी, हे मॉडेलने बऱ्यापैकी बरोबर सांगितलं होतं.

पण माझ्या स्क्रीनवरचं डोकं काकीचं नव्हतं. ते सॉफ्टवेअरसोबत येणारं, माँट्रिअलच्या १५२ जणांचं सरासरी डोकं होतं, आणि ते बहुतेक तरुण. वयानुसार मेंदू आकसतो, भोवतीचं पाणी वाढतं, विजेची वाट बदलते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ साली १०० भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा नकाशा केला. त्यात आपला मेंदू सरासरीने पाश्चात्त्यांपेक्षा लहान दिसला. म्हणजे तोच स्पंज, तोच करंट, पण काकीच्या मेंदूत नेमकं किती आणि कुठे, ते तिच्या स्कॅनशिवाय सांगता येत नाही. आणि ते कळलं तरी वीज कुठे जाते एवढंच कळेल. तिला बरं वाटेल का, हे त्या गणितात नाही.

मी भावाला लिहिलं, ‘मागवू नकोस. हा उपचार खोटा नाही, पण घरी अंदाजाने करायचा नाही. गोळ्या बंद करू नका. वर्षभरात फरक नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि याबद्दलही त्यांनाच विचारा.’

रविवारी घरी गेलो तेव्हा काकीला लॅपटॉपवरचं लाल-निळं चित्र दाखवलं. तोवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. बराच वेळ बघत राहिली.

“दुखतं का रे?”

“नाही गं. मुंग्या येतात, थोडी खाज सुटते म्हणतात.”

“मग डॉक्टरकडे तू ये बरोबर,” ती म्हणाली. “त्याला नीट विचारता येत नाही.”